पाळण्यातली सासू

पोरगी बारा दिवसांची झाली होती आणि तेवढ्या दिवसांत तिने घरातल्या प्रत्येकाला एकेकदा तरी खोटं पाडलं होतं.

जिवली म्हणाली होती, पोटात वारा धरलाय. आजी म्हणून तिने वेखंड उगाळलं, बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीने शेक दिला. नात रडतच राहिली. शेजारची म्हातारी म्हणाली, दृष्ट आहे. मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या चुलीत पडल्या. सगळं घर खोकत अंगणात आलं. पोरगी मात्र थोडा वेळ गप राहून इतरांचं खोकणं ऐकत होती, आणि ते थांबल्यावर तिने आपलं काम पुढे सुरू केलं. आजोबा राघो यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून पाळण्यावर वाजवली. त्यावर ती थांबली. 'बघा, बघा' म्हणत राघो सगळ्यांना बोलावून आणेपर्यंत थांबली, आणि सगळे जमल्यावर अशी ओरडली की गोठ्यातल्या बैलानेही मान वळवली.

बाजेवर पडल्या पडल्या पोरीची आई चंद्रकला हे सगळं टिपत होती. मुरबाडच्या शाळेत ती चार इयत्ता शिकली होती, आणि गणिताची एक ओळ संपल्याशिवाय दुसरी लिहायची नाही हे मास्तरांचं म्हणणं तिच्या अंगात मुरलं होतं. पोर रडायला लागली की उन्हाचा कवडसा जमिनीवर कुठे आहे ते पाहून ती भिंतीवर कोळशाची रेघ ओढी, आणि थांबली की दुसरी. रेघा पुष्कळ झाल्या होत्या; पण त्यांतून काही निघत नव्हतं, कारण जिवली एका वेळी तीन-तीन उपाय करत होती.

"आये, एका वेळेला एकच कर ना. म्हंजे कशानं थांबली ते कळेल."

"पोर हाय ती, गणित नाय," जिवली म्हणाली आणि तिने वेखंड व हिंग दोन्ही एकदम लावलं.

चंद्रकलेला घाई होती, आणि तिचं कारण आटगावला होतं.

भाद्रपदात तिच्या नवऱ्याची, कुंडलिकची, आटगाव स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून नोकरी पक्की झाली होती आणि नोकरीबरोबर एक खोली मिळाली होती. सातव्या महिन्यात माहेरी येताना चंद्रकलेने ती पाहिली होती. सहा पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. रुळांच्या बाजूला एक खिडकी. छताला एक मजबूत कडी, पूर्वीच्या कुणी कशासाठी ठोकली होती देव जाणे, पण पाळण्यासाठी अगदी बरोबर जागी. चंद्रकलेने त्या पाच मिनिटांत सगळं ठरवून टाकलं होतं. दाराशी खुंटी, तिच्यावर कुंडलिकचा निळा कोट. चूल खिडकीपासून दूर, नाहीतर वारा लागतो. आणि जेवायला दोघं समोरासमोर, मध्ये पोर. शहापूरकडच्या सासरी नऊ माणसं जेवत. आधी पुरुष, मग मुलं, मग बायका, मग चंद्रकला. दोन वर्षांत नवऱ्याला जेवताना तिने पाठीमागूनच पाहिलं होतं.

पण सासूबाईंनी, म्हणजे कमळाबाईंनी, सांगून ठेवलं होतं, "बारशाला बघू." आणि पोर झाल्यावर, तिच्या रडण्याची कीर्ती शहापूरपर्यंत पोहोचली तेव्हा, त्यांचा दुसरा निरोप आला होता: "असली रडकी पोर घेऊन एकटी बाय तिथं काय करील? तिला गप करता येऊ दे, मग आटगावचं बोला."

आज बारसं होतं, आणि पोरगी सकाळपासून रडत होती.

गाडी अंगणात आली तेव्हा दुपार टळायला लागली होती. आधी मामंजी, म्हणजे महादू उतरले. त्यांना बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते उतरून बैलांशीच बोलत उभे राहिले. मग कमळाबाई करंज्यांची दुरडी सांभाळत उतरल्या. त्यांच्यामागून, दोघांच्या खांद्यांचा आधार घेत, महादूंची मोठी बहीण बारकी उतरली. कुंडलिकला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे पोरीच्या आत्याचा मान बारकीकडे आला होता, आणि मान आला की बारकी आधी नाकात मोठी नथ घाले आणि मग सगळ्यांना हुकूम सोडी.

"या विहीणबाई, वाटेत त्रास नाय ना झाला?" जिवलीने पायांवर पाणी घालत विचारलं.

"नाय हो," कमळाबाई म्हणाल्या. "ओढा ओलांडला नि नातीचा आवाज लागला. वाट चुकायची भीतीच नव्हती."

कुंडलिक आटगावहून परस्पर चालत आला होता. काखेत हिरवं आणि लाल, दोन्ही निशाणं गुंडाळलेली. खोलीत ठेवली तर कुणी नेईल, आणि मग भरून द्यावी लागतील, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने पाळण्यात पहिल्यांदा डोकावलं. लेकीने बापाकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. कुंडलिकने गडबडून, हाताला आलं ते, लाल निशाण उघडून तिच्यासमोर धरलं.

"थांबेल का त्यानं?" चंद्रकलेने हळूच विचारलं.

"पंजाब मेल थांबते," कुंडलिक म्हणाला.

पोरगी थांबली नाही.

"बाजूला हो रे," बारकी पुढे आली. तिने पाळण्यावर वाकून पोरीचं नीट निरीक्षण केलं. "पोटबीट काय नाय दुखत हिचं. नाव मागतंय पोर. आपल्यातलं कोणतरी परत आलंय, नि ह्या लोकांनी बारा दिवस ओळख दाखवली नाय. तुमी तरी रडल्याशिवाय राहाल?"

बारकीने पितळेची परात मागवली, तीत पाणी भरायला लावलं आणि जिवलीकडून मूठभर तांदूळ घेतले. रीत सगळ्यांना माहीत होती. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि एक दाणा पाण्यात सोडायचा. दाणा बुडाला तर ते माणूस नव्हे. तरंगला तर तेच आलं.

बारकीने आपल्या वडिलांचं नाव घेतलं आणि दाणा सोडला. तो सरळ तळाला गेला.

"बाबांना पोहायला येतच नव्हतं," महादू ओटीवरून म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मग एक काका बुडाला, एक चुलतआजी बुडाली, आणि कॉलऱ्यात गेलेला एक धाकटा भाऊ बुडाला.

"आमची माय पण टाकून बघा की," जिवली म्हणाली.

"तुमची कशाला येईल आमच्या वंशात?"

"घर आमचं, परात आमची, तांदूळ आमचे. येईल पाणी प्यायला."

बारकीने तोंड वाकडं करून एक दाणा सोडला. जिवलीची आईही बुडाली. मग बारकीने पदर सारखा केला, नथ सारखी केली, उरलेल्या मुठीतून एक दाणा निवडला आणि आवाज चढवून म्हणाली, "आमची आई. ताराबाई."

दाणा तरंगला. तरंगून स्वतःभोवती एक गिरकीसुद्धा घेतली. आणि पाळण्यातली पोरगी, निव्वळ श्वास घ्यायला का होईना, त्याच क्षणी थांबली.

"आई गो!" बारकीने हात जोडले.

चंद्रकला दारापाशीच बसली होती, परातीपासून तीन हातांवर. तो दाणा तिला स्पष्ट दिसत होता. त्याच्या पोटाला मोहरीएवढं काळं भोक होतं. किड्याने आतून पोखरलेला पोकळ दाणा. तो बुडणार कसा? ताराबाईऐवजी गावच्या पाटलाचं नाव घेतलं असतं तरी तरंगला असता. तिने आईकडे पाहिलं. जिवलीनेही भोक पाहिलं होतं, आणि तिने ओठ घट्ट मिटले होते. बरोबरच होतं. 'तांदूळ किडका आहे' असं म्हणायची खोटी, की विहिणीच्या घरात किडके तांदूळ निघाले ही बातमी शहापुरात गाडीच्याही आधी पोहोचली असती. त्यातून चुलीवर जेवणाचा भात शिजत होता तो त्याच कणगीतला.

तिसरी जाणकार कमळाबाई. पस्तीस वर्षं त्यांनी तांदूळ पाखडले होते. त्या वाकल्या, दाणा जवळून पाहिला आणि सरळ झाल्या. पण त्या काय बोलणार? विहिणीचा पाहुणचार खाऊन तिच्या तांदळाला नाव ठेवायचं? आणि बारकीच्या आईचं परत येणं किड्यावर ढकलायचं? त्याही गप्प बसल्या. अशा रीतीने तिघी बायकांना खरं माहीत असूनही ताराबाई परत आल्या.

"वहिनी!" बारकी एकदम ओरडली. "तू बसलीस काय? आई हाय ती! तिच्यासमोर कधी बसलीस का आजवर?"

कमळाबाई उठून उभ्या राहिल्या. सवय म्हणून राहिल्या. उठल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

"पदर घे डोक्यावर."

त्यांनी पदर घेतला.

"आणि पाया पड. तवा थांबेल ती."

कमळाबाई पाळण्याशी वाकल्या. दोन बोटांएवढ्या पायांना हात लावायला गेल्या, तोच ताराबाईंनी एक लाथ झाडली. ती नेमकी नाकावर बसली.

"आईच!" बारकी डोळे पुसत म्हणाली. "शंकाच नको."

घुगऱ्या वाटायला सगळे अंगणात गेले. चंद्रकलेला कुणीतरी सांगितलं, तू पड जरा. बाजेभोवती लुगड्याचा आडोसा होता, त्याच्या आत ती आडवी झाली. पाळण्याजवळ सुनेने उभं राहायला हवं, असा बारकीचा हुकूम होता, म्हणून कमळाबाई उभ्या होत्या. पोरगी रडत होती. कमळाबाईंनी एक अंगाई म्हणून पाहिली. अंगाई चढली तसं रडणं चढलं. त्यांनी अंगाई सोडून दिली. मग लुगड्यापलीकडून कमळाबाईंचा आवाज आला, बारीक आणि संथ.

"सासूबाई, आता आलातच तर ऐका. तवा मला तोंड उघडायची सोय नव्हती. आता तुमाला दात नायत."



"माझी पहिली दिवाळी. पहाटेपासून करंज्या केल्या मी. आणि तुमी नदीवर जाताना त्या मोजून गेलात. आल्यावर परत मोजल्यात. मी एक पण खाल्ली नव्हती. खाल्ली असती तर बरं झालं असतं, बोलणी तरी फुकट गेली नसती. म्हशाच्या जत्रेला सात वर्सं मला घर राखायला ठेवलंत. घराला काय पाय फुटणार होते? सगळे जायचे नि घरी येऊन मला काय, तर बारकीनं तिथं काय काय खाल्लं त्याची गोष्ट. आणि नथ. माझ्या बापानं घातलेली नथ. बारकीला तिच्या जावेच्या लग्नात मिरवायला दोन दिवस दिलीत. बत्तीस वर्सं झाली सासूबाई, ते दोन दिवस संपत नायत. आत्ता पण तिच्याच नाकात हाय. बाहेर घुगऱ्या खातेय बघा ती नथ सावरून."

आणि तेव्हा चंद्रकलेच्या लक्षात आलं की पोरगी गप्प आहे.

नुसती गप्प नव्हती. लुगड्याच्या फटीतून तिने पाहिलं तर पोरीचे डोळे उघडे होते आणि ती कमळाबाईंच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. कमळाबाईंना दम लागला, त्या थांबल्या. पोरीचा खालचा ओठ पुढे आला आणि रडणं सुरू. कमळाबाईंनी घाईघाईने म्हशीचं दूध सांडल्याचा आळ पुढे घेतला. रडणं बंद. पदर सावरायला थांबल्या, रडणं सुरू. पुढचं बोलल्या, बंद. चंद्रकलेने चार वेळा मोजलं. चारही वेळा तेच.

का, तेही तिला हळूहळू उमजत गेलं. अंगाई चढते, उतरते, मध्ये टाळी वाजते. घंटा तर दचकवतेच. पण जुनं गाऱ्हाणं तसं नसतं. ते वर्षानुवर्षं मनात दळून दळून असं गुळगुळीत झालेलं असतं की एका सुरात, न थांबता, जात्यासारखं घरघरत राहतं. तिने कोळसा उचलला आणि भिंतीवर बारा दिवसांत पहिल्यांदा रेघेपुढे एक शब्द लिहिला: तक्रार.

नाव ठेवायची वेळ झाली. पोरगी पुन्हा रडत होती, कारण लोकांसमोर कमळाबाई गप्प होत्या. बायका पाळण्याभोवती जमल्या. बारकी पुढे झाली, कानात नाव सांगायला खोल वाकली, आणि म्हणाली, "तारा." तिचं तोंड पोरीच्या तोंडाशी होतं, नथ तिच्या मुठीशी. बारा दिवसांच्या पोरीच्या तळव्याला काहीही लागलं की मूठ मिटते, आणि मिटली की सहज सुटत नाही. तशी ती मिटली.

"अगो..." बारकी म्हणाली.

पण नाव सांगून झालं होतं, आणि नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे ही रीत. बायकांनी घातले. आत्या वाकलेली होती, म्हणजे पाठ आयतीच समोर. सगळ्यांत शेवटी कमळाबाई सरसावल्या. त्यांचा पहिला धपाटा रीतीचा होता. दुसरा म्हशाच्या जत्रेचा असावा. तिसऱ्याला पाळण्याची कडी वाजली.

"अगो थांबा! नथ! नथ धरलीय तिनं!"

"सोडव गो कुणीतरी," जिवली हसू दाबत म्हणाली.

मूठ उघडेना. जोर करायला गेलं तर पोरगी निळी होई. शेवटी बारकीने वाकल्या वाकल्याच फिरकी सैल केली आणि नाक मोकळं करून घेतलं. नथ मुठीत राहिली.

"मागाहून द्या मला," ती नाक चोळत म्हणाली.

"आता कशी द्यायची वन्सं?" कमळाबाई शांतपणे म्हणाल्या. "सासूबाईंनीच दिली होती, सासूबाईंनीच परत घेतली. आपण मधे पडणारे कोण?"

बारकीने परातीकडे पाहिलं. परात तिनेच मागवली होती. पोरीची मूठ थोड्या वेळाने आपोआप सैल पडली तेव्हा कमळाबाईंनी नथ पदराच्या गाठीत बांधली. महादूंनी ते ओटीवरून पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच, कुणी काही विचारलं नसताना, मान डोलावली.

जेवणं झाली. भाताला कुणी नाव ठेवलं नाही. पुरुष ओटीवर पान लावत बसले होते आणि कुंडलिक निशाणांच्या काठ्या एकमेकींवर आपटत होता. त्याला काही बोलायचं असलं की तो हातातल्या वस्तू आपटत असे. शेवटी महादूंनाच त्याची दया आली.

"मग, आटगावचं काय?"

"काय म्हंजे?" बारकी आतून म्हणाली. नाक मोकळं झाल्यापासून तिचा आवाज जास्तच मोकळा झाला होता. "आई इतक्या वर्सांनी परत आली, तिला सरकारी खोलीत ठेवणार? तिचं घर हाय, दार हाय. ती आमच्याकडंच राहील."

"आत्ये, खोली चांगली हाय," कुंडलिक म्हणाला.

"तुला काय कळतं? तू गाड्या वळव."

कमळाबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली होती. "ते जाऊ दे. पण तिथं पोरीला गप कोण करणार? घुगऱ्या वाटत होतात तवा ती कशी गप होती, ऐकलंत ना सगळ्यांनी. माझ्याशिवाय कुणाकडं थांबली नाय ती." त्यांच्या बोलण्यात दुखणं कमी आणि अभिमान जास्त होता. बारा दिवस मुरबाडकरांना जमलं नाही ते त्यांनी घुगऱ्या वाटून होईपर्यंत केलं होतं.

चंद्रकलेच्या डोळ्यांसमोरून ती खोली, ती कडी आणि ती खुंटी एकेक करून लांब जायला लागली, गाडी सुटल्यावर फलाट जातो तशी. ती उठून पाळण्याशी आली.

"मी करीन गप."

"तू?" कमळाबाई म्हणाल्या. "बारा दिवस काय करत होतीस मग?"

"शोधत होते."

कमळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दोरी तिच्या हातात दिली. "कर. आत्ता, सगळ्यांसमोर. झाली गप, तर सवा महिना झाला की सरळ आटगाव. नाय झाली, तर पुन्हा नाव काढायचं नाय."

दोरी सासूच्या हातून सुटताच पोरीने तोंड उघडलं. ओटीवरचे पुरुष दारात आले. चंद्रकला वाकली. तक्रार हवी होती, आणि लांब हवी होती. तिने आधी शेजारच्या बकरीपासून सुरुवात केली: बकरीने वाल खाल्ले, लुगड्याचा काठ खाल्ला, शाळेतलं पुस्तक खाल्लं. पोरगी थबकली. पण बकरी तिथेच संपली. तक्रार पुरेशी जुनी नव्हती. रडणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठं.

"झालं?" बारकी म्हणाली.

चंद्रकलेजवळ खरी, मुरलेली, लांबलचक तक्रार एकच होती, आणि ती जिच्याबद्दल होती ती बाई दोन हातांवर उभी होती. तिने डोळे मिटले. मग तिला वाट सुचली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि पाळण्यासमोर हात जोडले.

"आजेसासूबाई, तुमच्या सुनेची एक तक्रार सांगायची हाय. तुमच्याशिवाय सांगू कोणाला?"

जिवलीने कपाळाला हात लावला. पण रीतीने यात काहीच चूक नव्हती. सासूचं गाऱ्हाणं सासूच्या सासूकडे न्यायचं नाही तर कुणाकडे?

"माझ्या पहिल्या दिवाळीला मी करंज्या केल्या," चंद्रकला एका सुरात म्हणाली. "पहाटेपासून केल्या. सासूबाई शेतावर जाताना मोजून गेल्या. आल्यावर परत मोजल्या. मी एक पण खाल्ली नव्हती. मी दळताना गाणं म्हणायचे, तर म्हणाल्या, गाण्यानं पीठ जाडं येतं. मी दोन दिवस गाऊन नि दोन दिवस न गाता दळून बघितलं, पीठ सारखंच आलं. पण ते बघायला कोणी आलं नाय. दोन वर्सं झाली, भाकऱ्या मी थापते, पण मला मिळते ती टोपलीच्या तळाची, वाफेनं ओली झालेली. गरम भाकरी कशी लागते ते मी विसरले. मला काय मोठं नको आजेसासूबाई. एक भाकरी तव्यावरून काढावी, हे समोर बसलेले असावेत, अर्धी त्यांना, अर्धी मला. तुमी मधे झोपलेल्या. खिडकीतून गाडी जाईल, ती तुमाला दाखवीन. भिंतीवर अक्षरं काढून देईन. मी आटगावची खोली पावलांनी मोजली, सहा नि पाच. सासूबाई म्हणाल्या, ही खोली हाय का खुराडं. मला आवडली होती ती..."

चंद्रकलेने डोळे उघडले. पोरगी झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, मुठी कानांशी.

कुंडलिक दारात उभा होता. त्याचे डोळे खाली होते आणि हातात, त्याच्याही नकळत, हिरवं निशाण उघडलेलं होतं.

"बघितलंस वहिनी?" बारकी कुजबुजली. "काय जीभ हाय! चारचौघांत! आपल्या वेळेला..."

"वन्सं, तुमी गप बसा," कमळाबाई म्हणाल्या. "सासू-सुनेचं चाललंय."

त्या पाळण्याशी आल्या. 

"करंज्या मोजल्या मी?"

"दोनदा," चंद्रकला म्हणाली. पदर अजून डोक्यावर होता.

"दोनदा," कमळाबाईंनी म्हटलं. चंद्रकलेला वाटलं, त्या आता जाब विचारणार; पण पाळण्यातल्या ताराबाईंना, की स्वतःलाच, ते मात्र कळेना. मग कमळाबाई वाकल्या, पोरीच्या तोंडाशी कान नेला आणि मान हलवत सरळ झाल्या.

"सासूबाई म्हंतात, त्यांना आगगाडी बघायची हाय. सवा महिन्यानं जायचं."

"आई असं म्हणाली?" बारकी पुढे सरसावली.

"विचारा ना तुमीच. जरा वाका."

बारकीचा हात आपोआप नाकाकडे गेला. ती वाकली नाही.

कमळाबाईंनी कोपऱ्यातली दुरडी उचलली. वरचं फडकं काढलं आणि दुरडी सगळीच्या सगळी चंद्रकलेच्या मांडीवर ठेवली.

"घे. या मोजलेल्या नायत."

चंद्रकलेने एक करंजी उचलली. बोलणं थांबलं, आणि त्याबरोबर पाळण्यात पोरीचा खालचा ओठ हळूच पुढे आला.

"अगो, थांबलीस काय?" कमळाबाई दोरी हलवत म्हणाल्या. "बोल पुढं. अजून असेलच की काय काय. बोल, नायतर उठेल ती."

चंद्रकलेने करंजीचा मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने, एका सुरात, दुसऱ्या दिवाळीला हात घातला.